राग आणि मत्सर यांचा माणसावर आणि समाजावर काय परिणाम होतो?

शेताच्या बांधाचा वाद घ्या, दोन्ही एकाच ठिकाणी दिसतील. मत्सर दूरच्या कोट्यधीशाचा फारसा वाटत नाही. वाटतो तो भावकीतल्या बरोबरीच्याचा, ज्याच्या विहिरीला पाणी लागलं त्याचा. मग नांगरताना बांध वीतभर कोरला जातो, हद्दीचा दगड सरकतो. शंभर मीटरच्या बांधावर वीतभर म्हणजे पाव गुंठाही भरत नाही! पण त्यापायी दिवाणी दावा पुढच्या पिढीपर्यंत रेंगाळू शकतो.

रागाच्या भरात नाडी आणि रक्तदाब वाढतो, पण तो उतरतोही. धुमसत ठेवलेला राग जास्त वाईट, झोप खातो. गावाला फटका वेगळाच: शिवरस्ता अडतो, सामाईक पाट कुणी उपसत नाही, टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही.

हमरीतुमरीवर येण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. खुणा दाखवल्या की शेजाऱ्यासमोर त्याच दिवशी दगड रोवा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते आणि भांडण परत सुरू. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलं असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.