१९२६ चा कामगार संघटना कायदा ब्रिटिश सरकारने का केला?

थोडक्यात सांगायचे तर, मद्रासमधल्या एका दाव्यामुळे. संघटना त्याआधीही होत्या; मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासूनच गिरणी कामगारांना एकत्र आणले होते, मात्र त्यांच्या संस्थेकडे ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना कायद्याचा आधार. हा आधार नसणे किती महागात पडते ते १९२० मध्ये उघड झाले: बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया व इतर पुढाऱ्यांवर दावा लावला आणि कामगारांना करार मोडायला प्रवृत्त करू नये, असा मनाई हुकूम उच्च न्यायालयाकडून मिळवला. मग संप पुकारायचा तरी कसा?

मुंबईचे ना. म. जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात संरक्षणाचा ठराव मांडला. कायदा झाला तो १९२६ मध्ये, आणि अंमल १ जून १९२७ पासून. सात सभासदांना नोंदणी करता येऊ लागली. कलम १७ ने फौजदारी कटाच्या आणि कलम १८ ने दिवाणी दाव्याच्या धोक्यापासून नोंदणीकृत संघटनेला बरेचसे संरक्षण दिले. मालकाने संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे असे बंधन मात्र त्यात नव्हते, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी उणीव होती.