पोटाची दुर्बीण आणि श्वास कोंडण्याची भीती

तोंडावाटे पोटाची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, करायची ठरलेल्या रुग्णांशी तपासणीआधी बोलण्याचे काम मी रुग्णालयातील समुपदेशक म्हणून करते. नळी घशात असताना श्वास कोंडणार नाही ना, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो, पण तो उघडपणे विचारणारे थोडे असतात. अशाच एका रुग्ण काकूंनीही तो सुरुवातीला विचारला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकूंचे वय 56. आठ महिन्यांपासून छातीत जळजळ आणि आंबट ढेकर असा त्रास होता, आणि तो त्यांनी कोकमाचे सार, थंड दूध व औषधाच्या दुकानातून आणलेले गुलाबी पातळ औषध यांवर काढला होता. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या त्या दोन वर्षे घेत होत्या, त्याही बहुतेकदा रिकाम्या पोटी. हिमोग्लोबिन 8.6 पर्यंत उतरल्याचे दिसल्यावर डॉक्टरांनी दुर्बीण सुचवली. मात्र दोनदा तारीख घेऊनही काकू आल्या नाहीत, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले.

पहिली दहा मिनिटे त्या फक्त ‘वेळ मिळत नाही’ एवढेच सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, आमच्या ह्यांना नाकातून नळी घातली आणि चौथ्या दिवशी ते गेले. नळी म्हणजे काय, ते मी पाहिले आहे.” अशा वेळी लगेच वैद्यकीय माहिती सांगायला लागणे मला योग्य वाटत नाही, कारण समोरच्या माणसाला माहितीची उणीव नसते, त्याच्याजवळ एक आठवण असते आणि ती आधी ऐकून घ्यावी लागते. त्या चार दिवसांविषयी त्या बराच वेळ बोलल्या. त्यानंतर मी सांगितले की, ती नळी अन्न देण्यासाठी होती आणि आतच ठेवलेली होती. ही नळी पाहण्यासाठी आहे आणि साधारण पाच ते दहा मिनिटांत बाहेर येते.

मग श्वासाचा प्रश्न आपोआप आला. दुर्बीण अन्ननलिकेतून जाते, श्वासनलिका तिच्यापुढे वेगळी असते. नळी करंगळीहून जाड नसते आणि ती आत असताना नाकाने श्वास चालूच राहतो, शिवाय बोटाला लावलेली चिमटी रक्तातील ऑक्सिजन सतत दाखवत असते. हे सांगून मी काकूंना माझ्या खोलीतील पलंगावर डाव्या कुशीवर झोपायला सांगितले, कारण तपासणी याच स्थितीत होते. दातांमध्ये धरायची प्लॅस्टिकची नवी कडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मधल्या भोकात बोट घातले, मग स्वतःच दातांत धरली आणि नाकाने सावकाश श्वास घेत दोन मिनिटे पडून राहिल्या. नळी या भोकातून जाते आणि चावली जाऊ नये म्हणून कडी असते, हे त्यांना तेव्हा कळले.

काहीच त्रास होणार नाही, असे मी कोणालाही सांगत नाही. घशात मारायचा बधिरतेचा फवारा कडू लागतो, आणि त्यानंतर घसा जाड झाल्यासारखा, आवंढा गिळता येत नसल्यासारखा वाटतो. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस नेमका तिथेच घाबरतो. नळी घशाच्या मागच्या भागातून जाताना उमासे येतात, तो क्षण सर्वांत कठीण असतो आणि थोडाच वेळ टिकतो. पुढे जठर नीट दिसावे म्हणून आत हवा सोडतात, त्यामुळे पोट फुगते आणि ढेकर येतात, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. लाळ गिळायची नाही, ती बाहेर वाहू द्यायची.

गुंगीच्या इंजेक्शनाविषयी काकूंनी विचारले, “मला काही कळणारच नाही, मग थांबा कसे म्हणू?” गुंगी घेतली तर सोबत कोणीतरी हवे, आणि 24 तासांत वाहन चालवायचे नाही की महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, हे मी त्यांना सांगितले. निवड मात्र त्यांची होती. अनेकांना गुंगी सोयीची वाटते आणि त्यात चूक काही नाही. काकूंना जागे राहणे हवे होते. फार असह्य झाले तर उजवा हात वर करायचा, असे डॉक्टरांशी बोलून ठरवले.

निघताना त्यांनी हळूच सांगितले की, महिन्यापूर्वी दोन दिवस शौचाला डांबरासारखे काळे झाले होते. असा रंग पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण त्या गोळ्या तर काकू घेत नव्हत्या. मी लगेच डॉक्टरांना कळवले आणि तारीख अलीकडे आली. अशी गोष्ट लाजेपोटी लपवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तसेच मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, मनाने बंद करू नयेत.

तपासणीच्या दिवशी काकू आठ तास उपाशी होत्या. कवळी काढून डबीत ठेवली होती. हात एकदाही वर झाला नाही. उमासे तीन-चार आले, डोळ्यांतून पाणी आले, आणि सहा-सात मिनिटांत नळी बाहेर होती. घशाची बधिरता जाईपर्यंत सुमारे तासभर पाणीही द्यायचे नव्हते. तीव्र पोटदुखी किंवा छातीत दुखणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा ताप आला तर लगेच परत यायचे, हे मुलीला समजावले.

माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली होती. तपासणीत जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे घेतात, हे मी ओझरते सांगितले होते. ‘तुकडा काढला’ हे शब्द कानावर पडताच काकूंनी त्याचा अर्थ कॅन्सर असा घेतला आणि अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस त्यांना दुर्बिणीपेक्षा जड गेले. हे तुकडे घेताना दुखत नाही, आणि जठराची सूज किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तपासण्यासाठीही ते घेतात. हे आता मी आधीच सविस्तर सांगते.

लहान आतड्याच्या सुरुवातीला छोटा व्रण होता, जिवाणू सापडला, कॅन्सर नव्हता. 14 दिवसांची औषधे मिळाली, आणि वेदनाशामक गोळ्या बंद करून गुडघ्यांसाठी वेगळे उपचार सुरू झाले. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला की नाही हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने पाहायचे ठरले. परत दुर्बीण लागेल का, असे काकूंनी विचारले. या जागेच्या व्रणासाठी ती सहसा पुन्हा करावी लागत नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते, तेच मी सांगितले.

“लागली तर येईन,” त्या म्हणाल्या, “पण ती कडी आधी माझ्या हातात द्या.”