काउंटरखाली लपू नकोस

अगं ऐक,

तुझा मेसेज रात्री वाचला. तू काम करतेस त्या बेकरीत वर्गातल्या मुली आल्या तेव्हा तू ट्रे उचलायच्या निमित्ताने खाली बसलीस ती त्या जाईपर्यंत उठलीच नाहीस. आधी हसलो, मग आठवलं की मीपण असाच बसलोय.

सेकंड इयरच्या आधीच्या सुट्टीपासून जुलैपर्यंत मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात होतो, महिना 700 रुपये. जूनमध्ये तिथे काय गर्दी असते तुला माहितीये, आईबापाच्या हातात शाळेची यादी, मागे पोरगं रडतंय, आणि आपण शिडीच्या घोड्यावर चढून पाचवीचा सेट काढतोय, वह्या सुतळीने बांधतोय. एकदा आमचे कॉलेजचे सरच आले, मी गठ्ठ्यांच्या मागे. त्यांनी नेमकी मलाच हाक मारली, "अरे, याची जुनी एडिशन आहे का बघ, अर्ध्या किमतीत". बास, एवढंच. त्यांना स्वस्तात पुस्तक पाहिजे होतं, मी तिथे काय करतोय याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात विषयसुद्धा निघाला नाही.

लाज तर महिन्याभरात गेली पण पैशांचं जे झालं ते अजून डोक्यात आहे. जुलैचा पगार देताना शेठनी चार खाडे कापले. त्यातले दोन रविवारचे, म्हणजे दुकानच बंद होतं तेव्हाचे!! माझ्याकडे लिहून काहीच नव्हतं, काय बोलणार, गप्प बसून नोटा मोजल्या आणि खोलीवर येऊन भांडलो, स्वतःशीच. ऑगस्टमध्ये दुसरीकडे लागलो तेव्हा पहिल्या दिवशी दहा पानी वही घेतली, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, उचल किती.

आता तुला कोणीतरी कर्मवीर भाऊराव पाटलांचं सांगेलच, सांगतातच. आपण साताऱ्याचे, 'कमवा आणि शिका' आपल्या रक्तातच आहे वगैरे. खरंय ते, त्यांनी 1947 ला शिवाजी कॉलेज काढलं तिथे घरून पैसे नसलेली पोरं श्रम करून शिकली. पण तिथे श्रमाच्या बदल्यात शिक्षण मिळत होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले होते. तुझा बेकरीवाला कर्मवीर नाहीये. चांगला असेल माणूस, पण तो धंदा करतोय, आणि पोरं शिकतायत ना म्हणून कमी पैसे द्यायचे ही सोयीची श्रमप्रतिष्ठा झाली. किमान वेतनाचा कायदा 1948 मध्येच आला, त्यात स्टुडंट आहे म्हणून निम्मे द्या असं कुठे नव्हतं.

भांड असं म्हणत नाहीये हं. फक्त वही घे. गल्ल्यात तूट आली तर कोण भरणार हे आत्ताच विचार, तूट आल्यावर नाही. परीक्षेची सुट्टी पंधरा दिवस आधी सांग, आदल्या रात्री मेसेज टाकलास तर तो चिडणारच आणि त्यात चूक तुझीच. आणि शेवटच्या दहा रुपयांसाठी पर्स चाचपडणारी बाई आली ना, तिच्याकडे टक लावून बघू नकोस, सुट्टे शोधायचं नाटक कर. आमच्या दुकानातली जुनी मुलं असंच करायची, मी तिथेच शिकलो.

रविवारी पुण्यात येतोय. बेकरीत येईन, ओळख दाखवायची नसेल तर नको दाखवूस, पण अर्धा किलो खारी दे, आणि तुकडे नको घालूस तळाचे.

तुझा दादा