नवरा नर्स, बायको डिझायनर: कॅनडात तिला काम कोण देणार?

परदेशी जायच्या तयारीत असलेली डिझाइन क्षेत्रातली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "आमच्या कामाला तिकडे कोण विचारणार?" नर्स, शेफ, वेल्डर, बोटीवर जाणारे यांच्या वाटा गोव्यात मळलेल्या आहेत. कुणाचा मामा, कुणाची चुलत बहीण आधी जाऊन आलेली असते आणि ती सांगते कुठला कागद कुठे लागतो. पोस्टर, पॅकेट आणि लोगो करणाऱ्या मुलीला असं विचारायला घरात कुणी सापडत नाही.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. तिची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. फोंडा तालुक्यातली, तिशीला टेकलेली. आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातून उपयोजित कलेची पदवी, मग फोंड्यातल्या एका छापखान्यात काही वर्षं आणि नंतर पणजीत जाहिरात एजन्सीत नोकरी. नवरा स्टाफ नर्स. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर कायम निवासासाठी माणसं निवडायच्या पद्धतीत, आरोग्य क्षेत्रासाठी वेगळी निवड होते, त्यातून त्याला कायम निवासाचं निमंत्रण आलं. ठिकाण ओंटारिओ ठरलं. घरात पेढे वाटून झाले आणि ही माझ्याकडे आली.

"मॅडम, त्याची सोय झाली. मी तिथे जाऊन काय करू? सासूबाई म्हणतात, एखाद्या दुकानात लाग, सगळ्याच लागतात. आणि मडगावचा एक एजंट म्हणतो, माझ्यासाठी जॉब ऑफर आणून देतो, सात लाख."

त्या सात लाखांचा निकाल आधी लावला. नवऱ्याच्या अर्जात बायकोचं नाव असलं की तिलाही कायम निवास मिळतो आणि ती कुठल्याही मालकाकडे काम करू शकते. तिला कुणाच्या ऑफर लेटरची गरजच नव्हती. शिवाय एक्स्प्रेस एंट्रीत जॉब ऑफरला मिळणारे जादा गुण 25 मार्च 2025 पासून बंद झाले आहेत, तरी अशा ऑफर विकणारे अजून फिरतात. आपल्याकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटलाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. मी तिला एवढंच विचारलं, त्या माणसाचा नोंदणी क्रमांक काय? तिने फोन केला. पुढच्या भेटीत एजंटचा विषय निघालाच नाही.

तिथे राहण्याचा हक्क आणि तिथे काम मिळणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते. "व्हिसा झाला" म्हणजे सगळं झालं असं आईवडिलांना वाटतं. "काम नाही मिळालं तर परत यावं लागेल" अशी भीती मुलांना वाटते. तिच्या बाबतीत पहिली गोष्ट सुटली होती. दुसरीकडे कुणी पाहिलंच नव्हतं, तिने स्वतःसुद्धा.

मी तिला नवऱ्याकडे बघायला सांगितलं. निमंत्रण मिळालं तरी त्याला तिथे नर्स म्हणून उभं राहायचं तर कागदपत्रांची तपासणी, एनक्लेक्स ही परीक्षा आणि प्रांताच्या 'कॉलेज ऑफ नर्सेस' या नियामक संस्थेची नोंदणी एवढं सगळं करावं लागतं. डिझायनरला असा कुठलाही परवाना लागत नाही. ओंटारिओत 'आरजीडी' ही नोंदणीकृत ग्राफिक डिझायनरांची संघटना आहे, 1996 च्या प्रांतिक कायद्याने ती उपाधी संरक्षित आहे, पण ती नसली म्हणून डिझाइनचं काम करायला कुणी अडवत नाही. तिच्या वाटेत दार नव्हतं. पण तिच्या हातात देण्यासारखा शिक्काही नव्हता. समोरच्याला तिच्याबद्दल जे कळणार ते फक्त तिच्या कामातून.

मग आम्ही तिचं काम उघडलं.

साठ-सत्तर पानांची पीडीएफ होती. लग्नपत्रिका, जत्रेचे बॅनर, शिगम्याची पोस्टरं, चतुर्थीच्या शुभेच्छा, टी-शर्टवर चिकटवलेले लोगो. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली काही नाही. तिला सगळ्यात अभिमान होता तो एका काल्पनिक कॉफी ब्रँडचा, जो तिने इंटरनेटवरचे नमुने बघून केला होता. दिसायला छान. पण तसा तो जगातल्या कुठल्याही डिझायनरचा असू शकला असता.

मध्येच एक काजूचं पॅकेट होतं. दोन रंगांत, साधंसं. ते ती भराभर पुढे सरकवत होती. "हे छापखान्यातलं, ते सोडून द्या," म्हणाली.

मी तिथे थांबले आणि विचारलं, यात दोनच रंग का?

त्यानंतर ती बराच वेळ बोलत राहिली. गिऱ्हाइकाला चार रंग हवे होते, पण त्याची ऑर्डर लहान, चार रंगांचा खर्च त्याला झेपला नसता. पाऊचवर छापताना रंग किंचित सरकतो, म्हणून तिने दोन रंग एकमेकांना भिडतील अशा जागाच ठेवल्या नाहीत. नाव इंग्रजीत आणि देवनागरीत दोन्ही हवं होतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्याच उंचीत ती बसवली तर चिरडते. आणि गडद रंगात पांढरी अक्षरं सोडली तर बारीक रेषा शाईने बुजतात. म्हणून तिने देवनागरी अक्षर थोडं मोठं आणि जाड घेतलं आणि दोन्ही लिप्या डोळ्यांना सारख्या वजनाच्या दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा छापून पाहिल्या. शाकाहाराची हिरवी खूण आणि वजन समोरच ठेवलं, पण परवाना क्रमांकासारखा बाकी बारीक मजकूर मागे नेला, कारण पणजीच्या बाजारात पर्यटक पॅकेट हातात घेण्याआधी दोन हातांवरून बघतो.

हे सगळं तिच्या डोक्यात होतं. पीडीएफमध्ये यातलं एक वाक्यही नव्हतं.

ती जिथे जाणार होती त्या कॅनडात ग्राहकांसाठीच्या पॅकेटबंद मालावर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत मजकूर देणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. क्वेबेकमध्ये फ्रेंचबाबतचे नियम आणखी कडक. फ्रेंच मजकूर इंग्रजीपेक्षा बहुधा लांब होतो, आणि तिथला पॅकेजिंग डिझायनर रोज याच जागेच्या भांडणात असतो. गोव्यात वाढलेल्या डिझायनरला हे भांडण जन्मापासून ठाऊक आहे: मराठी, कोंकणी, इंग्रजी, कधी देवनागरी, कधी रोमी म्हणजे रोमन लिपी. मुंबईच्या मोठ्या एजन्सीत काम केलं नाही याचं तिला वाईट वाटायचं. पण मोठ्या एजन्सीत तिला छपाईयंत्राशेजारी उभं राहायला कुणी दिलं असतं? मला हे मनापासून वाटतं की आपल्या छोट्या गावांतली मुलं स्वतःच्या कामातला सगळ्यात भक्कम भाग लाज वाटून लपवतात, आणि उसन्या नमुन्यांवर पुढे जायला बघतात.

मी तिला सगळी पानं काढून चार कामं ठेवायला सांगितली. प्रत्येकाला अडचण काय होती, तिने काय ठरवलं, काय सोडून दिलं, शेवटी काय छापलं गेलं. काजूचं पॅकेट पहिलं. मग एका हॉटेलचं मेनू कार्ड, जे तिने वयस्कर गिऱ्हाइकांना मंद उजेडात वाचता येईना म्हणून बदललं होतं. हे काम मी आग्रहाने घ्यायला लावलं. ओंटारिओत 2005 पासून अपंगांसाठीच्या सुगम्यतेचा कायदा आहे, आणि वेबसाइटवरचा साधा मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान 4.5 ला 1 असावा हा वेबचा आंतरराष्ट्रीय निकष तिथल्या डिझायनरांच्या रोजच्या बोलण्यात असतो. छापील मेनूला तो लागू नाही, पण तिने अंदाजाने केलेलं काम मोजून बघितलं आणि त्या मापाचा आकडा पानावर लिहिला. एजन्सीच्या ज्या कामाला गिऱ्हाइकाची परवानगी मिळाली नाही ते तिने वगळलं.

एका गोष्टीवर आमचा बराच वेळ गेला. ती सतत "आम्ही केलं" म्हणायची. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. पण मुलाखतीत समोरचा विचारतो, यात तुझा वाटा कुठला? तिथे "आम्ही" म्हटलं की त्याला काहीच कळत नाही. छायाचित्र दुसऱ्याचं, मजकूर दुसऱ्याचा, मांडणी आणि अक्षरं माझी, असं बोलायची सवय तिने घरी नवऱ्यासमोर केली. सीव्हीतून फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव हे सगळं गेलं. पीडीएफ ए-फोरवरून लेटर आकारात आली, कारण उत्तर अमेरिकेत कागद तो चालतो आणि छपाईतल्या माणसाने तेवढं तरी जाणावं. बारावीला घेतलेली फ्रेंच तिने पुन्हा काढली. बोलण्यापुरती नाही, पण शब्द कुठे तोडायचा आणि चिन्हं कुठे लावायची एवढ्यापुरती.

"कॅनडाचा अनुभव नाही म्हणून नाकारतील ना?" हे तिचं दुसरं मोठं भय. ते खोटं नाही. मात्र ओंटारिओत 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहीर जाहिरातीत कॅनडातल्या अनुभवाची अट घालता येत नाही, आणि पगाराचा पल्लाही सांगावा लागतो. मनातली अट कायद्याने जात नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. म्हणून जायच्या आधीच तिने तिथल्या छोट्या स्टुडिओंना लिहायला सुरुवात केली. नोकरी मागायला नाही, एखाद्या पॅकेटबद्दल नेमका प्रश्न विचारायला. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी दिलं. त्यातल्या एकीने व्हिडिओ कॉलवर तिची चार कामं बघितली आणि तिसरं काढून टाक म्हणून सांगितलं. फुकटात "चाचणी" म्हणून पूर्ण लोगो करून मागणाऱ्यांना नाही म्हणायचं हेही ती याच काळात शिकली. आरजीडी संघटनाही अशा फुकटच्या कामाच्या विरोधात आहे.

सासूबाई एकदा सोबत आल्या होत्या. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं: दोघांपैकी एकाचा पगार सुरुवातीला थांबला तर घरभाडं कोण भरणार? नवऱ्याची नर्सिंगची नोंदणी व्हायला वेळ लागणार होता. म्हणून आम्ही असं ठरवलं की पहिले महिने ती दुकानातलं काम घेईल, पण छापखान्याचं किंवा साइनबोर्डच्या दुकानाचं आधी शोधेल. सासूबाई म्हणाल्या, "दुकानच ना शेवटी." मी म्हटलं, हो बाई, पण ज्या दुकानात तिचं शिक्षण कामी येतं असं.

आता ज्यांना असा जोडीदार नाही त्यांच्याबद्दल, कारण ते जास्त आहेत.

गोव्यात पहिला शब्द निघतो तो पोर्तुगीज पासपोर्टचा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले आजोबा किंवा वडील असतील तर ती वाट असू शकते. पण दोन गोष्टी घरी बसून नीट बोला. तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं. आणि ब्रेक्झिटनंतर त्या पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्याला इंग्लंडमध्ये राहायचा-कमवायचा हक्क मिळत नाही; तिथल्या स्विंडन शहरात असलेल्या काकांच्या काळची गोष्ट वेगळी होती. युरोपीय संघात मात्र तो चालतो, आणि इंग्रजीत काम करणाऱ्या डिझायनरसाठी त्यात आयर्लंडही येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

पासपोर्ट नसेल तर देशादेशांचं गणित निराळं. इंग्लंडच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण पगाराची मर्यादा जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंड आहे. नव्या ग्राफिक डिझायनरला तेवढा देणारा मालक विरळा. ऑस्ट्रेलियात ग्राफिक डिझायनरचं कौशल्य व्हेटअसेस ही संस्था तपासते, पदवी आणि त्याच कामाचा अनुभव दोन्ही बघते. तेव्हा छापखान्याच्या मालकाकडून "डिझायनर" असं लिहिलेलं पत्र आणि पगाराच्या पावत्या आजच घेऊन ठेवा. "ऑपरेटर" असं पत्र नंतर फार महागात पडतं. जर्मनीत 2024 पासून चान्सेनकार्ट हा काम शोधण्यासाठीचा परवाना आहे, गुणांवर एक वर्ष तिथे राहून काम शोधता येतं, शोधत असताना आठवड्याला वीस तास नोकरीही करता येते. स्वतंत्र काम करणाऱ्या कलावंतांसाठी वेगळा परवाना आहे, त्याला तिथल्या गिऱ्हाइकांची काम देण्याच्या तयारीची पत्रं उपयोगी पडतात. ही पत्रं इथे बसून मिळवता येतात, आणि माझ्या मते फ्रीलान्स करणाऱ्या गोव्यातल्या मुलांनी सगळ्यात आधी ही वाट पाहावी.

ती मुलगी गेली. पहिलं काम तिला एका छापखान्यातच मिळालं, छपाईआधीच्या फाइली तपासायचं. फाइलीतल्या चुका यंत्रावर जाण्याआधी तिला दिसतात हे मालकाला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण फोंड्यात तिने तेच केलं होतं. तिथूनच एका खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंग स्टुडिओची ओळख निघाली. आता ती तिथे कंत्राटावर आहे, कायम व्हायची आहे. आरजीडीची उपाधी आताच घेऊ का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कंत्राटाचं ठरू दे, तिथलं काम पोर्टफोलिओत येऊ दे, मग बघू.

फोंड्याच्या काजूवाल्याचं काम तिने सोडलेलं नाही. तिथली रहिवासी झाल्यावर त्या पैशांचाही हिशेब कॅनडाच्या कर विवरणात द्यावा लागतो आणि इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या पैशांसाठीचं, करून घ्यावं लागतं, हे तिला निघण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. तो तिच्या रकमेला कसा लागू होतो हे तिचा पणजीचा सीए या महिन्यात बघून देणार आहे.