आडवी उडी आणि नंतरचा थांबा

आर्णी, जि. यवतमाळ
रविवार, सकाळ

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आडव्या उड्यांचा, म्हणजे उभ्या सायकलसकट बाजूला उडण्याचा, व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्यांदा नुसता कौतुकाने. नंतरच्या तीन वेळा डोळे मिटून, आवाज मोठा करून ऐकला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवरचं बोलणं सायकल हातात घेतली की आठवत नाही. म्हणून लिहितो. हा कागद कोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेव आणि सराव करताना अधूनमधून वाच.

तुझा प्रश्न असा: "काका, एक आडवी उडी जमते, पण थांबता येत नाही. दुसरी आपोआप होते, मग तिसरी, आणि शेवटी पाय टेकतो." बेटा, ती दुसरी उडी तू मारत नाहीस. पहिली चुकली म्हणून अंग स्वतःला सावरतं, त्यातून ती होते. तिसरी उडी दुसरीला सावरायला. तेव्हा दुरुस्ती पहिल्या उडीतच करायची आहे, आणि तिचा बराचसा भाग चाकं जमिनीवर असतानाच होऊन जातो.

आधी एक गोष्ट बघायला शीक. पाय टेकतो तो कोणत्या बाजूला? व्हिडिओत तू उजवीकडे उडतेस आणि अकरा वेळांपैकी नऊ वेळा डावा पाय टेकतेस, म्हणजे जिथून निघालीस त्या बाजूचा. याचा अर्थ सायकल उजवीकडे गेली आणि अंग मागे राहिलं. हातांनी सायकल बाजूला फेकलीस, पण कमर जुन्याच जागी. चाकं टेकली तेव्हा तुझं वजन टायरच्या डाव्या अंगाला होतं, मग डावा पाय खाली येणारच. उरलेल्या दोन वेळा उजवा पाय टेकलास, तिथे अंग गरजेपेक्षा जास्त गेलं होतं. रोज सरावानंतर हेच वहीत लिही: उडी कोणीकडे, पाय कोणता. आठवड्यात तुझं तुलाच कळेल.

आता अंग मागे का राहतं? कारण तू तोल अगदी मध्यावर धरून सरळ वर उडतेस आणि बाजूला जाण्याचं सगळं काम हवेत करायला बघतेस. हवेत तेवढा वेळ मिळत नाही. वावरात पाण्याचा पाट ओलांडताना स्वतःकडे लक्ष दे. पाय उचलायच्या आधीच कमर पलीकडे झुकलेली असते. इथेही तसंच. उजवीकडे जायचं तर दोन्ही ब्रेक दाबून स्थिर हो, मग कमर आणि खांदे उजवीकडे सरकू दे, इतके की अजून अर्धा क्षण थांबलीस तर उजवा पाय टेकावाच लागेल. ते पडणं जिथे सुरू होतं, तिथेच उडी घ्यायची. पडण्याची भीती वाटते, म्हणून सगळे त्याच्या आधीच उडतात. तूही तेच करतेस.

हे नुसतं पडणं सायकल न उचलता करून बघ. स्थिर उभी राहा, कमर सरकव, पडायला लागलीस की पाय टेक. वीस वेळा उजवीकडे, वीस वेळा डावीकडे. कंटाळवाणं आहे, पण नेमका कोणता क्षण पकडायचा ते अंगाला यातूनच कळतं. मी शिकवलेल्या पोट्ट्यांपैकी ज्यांनी हे टाळलं, ते वर्षभर तसेच टपटप उडत राहिले.

उडी घेताना आधी पाय, मग हात. गुडघे वाकव, टायर दाबले जाऊ देत, आणि पायांनी उठ. पाय सरळ होत आले की हँडल पोटाकडे आण आणि पायाचे पंजे खाली वळवून पायडल मागे रेट. मागचं चाक त्या मागे रेटण्यानेच उचललं जातं. तुझं मागचं चाक उशिरा उठतं आणि उशिराच टेकतं. मला ते ऐकू आलं: टप... टप. चांगल्या आडव्या उडीचा आवाज एकच येतो, धप्प. दोन आवाज आले की समज, नुसते हात काम करताहेत.

अजून एक आवाज मी ऐकला, त्यासाठीच व्हिडिओ चार वेळा लावला. प्रत्येक वेळी टेकल्यावर फ्रीचा (पायडल थांबले तरी चाक पुढे फिरू देणाऱ्या मागच्या दातेरी चकतीचा) आवाज येतो, कट्-कट्, दोनदा. तुझे पायडल त्या वेळी जागेवर आहेत. म्हणजे मागचं चाक टेकल्यावर पुढे फिरतंय, म्हणजेच मागचा ब्रेक सरकतोय. ब्रेक सरकला की सायकल पुढे जाते, अंग मागे पडतं आणि तू सावरायला पुन्हा उडतेस. अर्धा दोष तुझा आहे, अर्धा सायकलचा, आणि सायकलचा अर्धा आजच दुरुस्त होईल. ब्रेकचे गुटके काढून बघ, घासून काचेसारखे चकचकीत झाले असतील. बारीक सँडपेपरने वरचा थर काढ, रिमची कडाही त्याच कागदाने पूस, तेलाचा हात लागू देऊ नकोस. ट्रायल्सवाले, म्हणजे पाय न टेकता सायकलवर अडथळे पार करण्याचा खेळ खेळणारे, रिम ग्राइंडरने खरवडून घेतात, म्हणजे ब्रेक कडकडून पकडतो. तू तसं करू नकोस, तुझी रिम पातळ आहे. त्याआधी चाकाचा आऊट काढून घे. चाक डुलत असेल तर गुटके रिमच्या जवळ बसवताच येत नाहीत.

ब्रेक एका बोटाने धरायचा, तर्जनीने. बाकीची बोटं मुठीवर. ब्रेक उडीच्या आधी दाबायचा, आणि टेकून पूर्ण स्थिर होईपर्यंत सोडायचा नाही.

पायांचं एक गणित नीट समजून घे, कारण हे कोणी सांगत नाही. पायडल आडवे, आवडता पाय पुढे. मागचं चाक ब्रेकने बांधलेलं असतं म्हणून पुढच्या पायाने दाबलं की चेन ताणली जाते आणि पायडल ओट्यासारखे घट्ट होतात. पण मागच्या पायावर वजन जास्त गेलं तर फ्री उलटं मोकळं फिरतं आणि पायडल खाली जातो. त्यामुळे पुढच्या पायावर नेहमी थोडं जास्त वजन हवं. आपल्या साध्या फ्रीमध्ये खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, बराच असतो, म्हणून प्रत्येक उडीआधी पुढचा पायडल दाबून चेन ताणली आहे ना, ते बघ. ट्रायल्सच्या सायकलींना ७२ किंवा १०८ ठिकाणी पकडणारं फ्री लावतात, तिथे हा खेळ फारच थोडा उरतो. त्यांच्या चांगल्या सायकली ८-९ किलोच्या असतात, बिनसीटच्या. तू चालवतेस ती तुझ्या भावाची सायकल जवळजवळ दुप्पट जड. म्हणून तुझी उडी बुटकी दिसते, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सीट मात्र काढूनच टाक. कमर सरकवायला जागा हवी.

आता सरावाची जागा. आई सकाळी अंगणात सडा टाकते ना, तो अर्धवट वाळला की त्यावर सायकल काढ. (आधी आईला विचार, आणि नंतर अंगण तूच झाड.) ओल्या अंगणावर टायरचे ठसे उमटतात आणि ते तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. एक उडी मार, उतर, वाकून बघ. पुढचं चाक एक वीत सरकलं आणि मागचं चारच बोटं, तर सायकल तिरकी झाली, पाय कमी पडले. दोन्ही ठसे जुन्या ठशांना समांतर आणि सारख्या अंतरावर हवेत. मग ठशाची कड बघ. नक्षी स्वच्छ उमटली असेल तर तू वरून खाली टेकलीस. एका बाजूला माती फरफटली असेल तर टेकल्यावरही बाजूला जाण्याचा जोर शिल्लक होता, म्हणजे कमर जास्त फेकलीस. माझ्या उमेदीच्या काळात मोबाइल नव्हता, मी हे ठसेच वाचत शिकलो. आजही व्हिडिओपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे.

काळ्या मातीच्या वावरात जाऊ नकोस. ओली असली तर गुटक्यात भरते, वाळली तर भेगांत चाक अडकतं. पांदणीवर गिट्टी आहे, तीही नको. अंगण नाहीतर खळं, बस.

हवेचं सांगतो. टायर कडक असेल तर टेकल्यावर तो तुला परत उसळवतो, आणि तुझ्या दुसऱ्या उडीला हेही कारण आहे. तुझ्या वजनाला मागे २० ते २२ पीएसआय, पुढे २५ च्या आसपास ठेव. याहून कमी नको. आडवं टेकताना टायर रिमवर दुमडतो आणि ट्यूब चिमटून समोरासमोर दोन भोकं पडतात. सायकल उन्हात उभी होती तर हवा पुन्हा बघ, तापलेला टायर कडक होतो.

दिवसाला पन्नास उड्या पुरे, पण सुट्ट्या. एक उडी, मग थांबून मनात तीन मोजायचे, मग पुढची. तीन मोजायच्या आत हललीस तर ती उडी धरायची नाही. पहिल्या दिवशी पन्नासातल्या पाच धरल्या जातील. घाबरू नकोस. थांबताना हँडलशी झटापट करू नकोस, नजर चाकावरून काढून चार हात पुढे एखाद्या खुंटीवर ठेव आणि गुडघे आत-बाहेर करून तोल राख. मुठी आवळल्या की हात पंधरा मिनिटांत भरून येतात, आणि भरलेल्या हातांनी मारलेल्या उड्या वाईट सवयी लावतात. हात भरून आले की सायकल ठेव. डावी बाजू तुझी कच्ची आहे, म्हणून पन्नासातल्या तीस डावीकडे.

उंचीचं तू विचारलंस. गुरांच्या हौदाच्या काठावर आडवी उडी कधी मारू, असं. बेटा, हे ऐकून माझ्या मनगटात कळ आली. मी एकोणीस वर्षांचा होतो. जमिनीवर माझ्या उड्या तुझ्यासारख्याच होत्या, एकामागून एक, न थांबणाऱ्या. ज्यांच्याकडे शिकायला जात होतो ते लांबून ओरडत होते, "अजून वर, अजून वर." मी हौदावर चढलो. चाकं काठावर टेकली, आणि सवयीप्रमाणे अंगाने दुसरी उडी घेतली. दुसऱ्या उडीला तिथे जागाच नव्हती. उजवं मनगट मोडलं. कापूस वेचणीचे दिवस होते. महिनाभर माझ्या वाटचा कापूस आईने वेचला, मी धुऱ्यावर हात गळ्यात बांधून बसून बघायचो. तिने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मला ते अजून विसरता येत नाही.

म्हणून सलग तीन दिवस पन्नासातल्या चाळीस उड्या धरल्या गेल्याशिवाय कशावरही चढायचं नाही. नंतर जमिनीवर पसरट लाकडी फळी, मग दोन विटांच्या उंचीचा पक्का ओटा. सुट्या विटा रचून त्यावर कधीच नाही. अरुणावतीच्या पात्रातले काळे दगड बघून तुझं मन होतं, मला ठाऊक आहे. त्यांना शेवाळ असतं, उन्हाळ्यापर्यंत थांब. हेल्मेट आणि नडगीला पॅड पहिल्या दिवसापासून. पायडलचा दात नडगीत बसला की हाडापर्यंत जातो.

तू त्या स्कॉटलंडच्या ट्रायल्सवाल्या डॅनी मॅकअ‍ॅस्किलचे व्हिडिओ बघतेस, बघ, मलाही आवडतात. २००९ साली एडिंबरातल्या ज्या व्हिडिओने तो जगाला माहीत झाला, त्याचं चित्रण कित्येक महिने चाललं होतं, आपण बघतो ती काही मिनिटं. स्पर्धाही बघ. या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ पासून होते, पुरुषांत २० इंची आणि २६ इंची चाकांचे गट वेगळे असतात, आणि एक टप्पा २ मिनिटांत पार करायचा असतो. घड्याळ चालू असतानाही ती माणसं मोठ्या उडीआधी कशी थांबतात, ते मोजून बघ. पाय टेकला की दंड आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी स्थिर होतात, जागा बघतात, मग उडतात. उड्यांपेक्षा मला त्यांच्या मधले ते थांबे बघायला आवडतं.

तुझ्या बाबांना मी बोललो आहे. पोरीच्या जातीला हे कशाला, असं चार लोक म्हणतात म्हणाले. मी त्यांना तुझा व्हिडिओ दाखवला आणि हौदाची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ गप्प होते, मग हेल्मेट केवढ्याला मिळतं ते विचारलं.

पुढच्या रविवारी सायकल घेऊन ये. ब्रेकची वायर मागच्या टोकाला उसवलेली दिसते, तोवर जोरात दाबू नकोस, उड्याही नवी वायर लागल्यावरच. नवी वायर मी आणून ठेवतो. वही विसरू नकोस.

तुझा
काका