अमेरिकेत निवडून आलेल्या खासदाराला सभागृहात बसूच दिलं नाही, असं कधी झालंय का?

हो, झालंय. आणि एकाच माणसाच्या बाबतीत दोनदा झालंय. व्हिक्टर बर्गर, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराचा समाजवादी.

बर्गरचा जन्म 1860 चा, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला. तरुणपणी अमेरिकेत आला, मिलवॉकीच्या जर्मन वस्तीत शिक्षक झाला, मग संपादक. 1910 साली तो प्रतिनिधीगृहावर निवडून गेला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोचलेला हा पहिला समाजवादी. पहिल्याच कारकिर्दीत त्याने म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन देण्याचं विधेयक मांडलं. ते अर्थातच पडून राहिलं. अशी पेन्शन देणारा सोशल सिक्युरिटीचा कायदा यायला 1935 उजाडलं.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि बर्गरच्या 'मिलवॉकी लीडर' या पेपरने युद्धाला उघड विरोध केला. टपाल खात्याने पेपरची स्वस्त टपालाची सवलत काढून घेतली. हेरगिरीविरोधी कायद्याखाली बर्गरवर खटला भरला गेला. खटला डोक्यावर असतानाच नोव्हेंबर 1918 मध्ये लोकांनी त्याला परत निवडून दिलं! पुढच्या फेब्रुवारीत न्यायाधीश लँडिस यांनी त्याला 20 वर्षांची शिक्षा ठोठावली. अपील चालू होतं, बर्गर जामिनावर बाहेर होता.

नोव्हेंबर 1919 मध्ये सभागृहाने त्याला जागा नाकारली. आधार घेतला चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या एका कलमाचा, जे यादवी युद्धानंतर बंडखोरांना सत्तेपासून लांब ठेवायला आणलं होतं. बर्गरच्या बाजूने मत पडलं एकच, विस्कॉन्सिनच्याच एडवर्ड व्हॉइट यांचं, आणि तेही रिपब्लिकन. शेकडोंच्या सभागृहात एकट्याने हात वर करायला काय छाती लागली असेल! डिसेंबरात पोटनिवडणूक झाली. विरोधकांनी एकजूट करून एकच उमेदवार दिला, तरी बर्गर आधीपेक्षा जास्त मतं घेऊन आला. जानेवारी 1920 मध्ये सभागृहाने त्याला पुन्हा परत पाठवलं. मग ती जागा मुदत संपेपर्यंत रिकामीच राहिली. म्हणजे शिक्षा बर्गरला कमी आणि मिलवॉकीच्या मतदारांना जास्त झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुटका झाली ती कोर्टात, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. खटल्याआधीच बर्गर आणि त्याच्या साथीदारांनी प्रतिज्ञापत्र दिलं होतं की लँडिस यांच्या मनात जर्मन वंशाच्या लोकांबद्दल आकस आहे, खटला दुसऱ्याकडे द्या. लँडिस यांनी ते स्वतःच फेटाळलं. 1921 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, असं रीतसर प्रतिज्ञापत्र आल्यावर त्यातलं खरंखोटं त्याच न्यायाधीशाने ठरवायचं नसतं, त्याने बाजूला व्हायचं असतं. शिक्षा रद्द झाली. 1922 मध्ये बर्गर पुन्हा निवडून आला, या वेळी त्याला बसू दिलं, आणि तो 1929 पर्यंत खासदार राहिला. त्याच वर्षी मिलवॉकीत ट्रामच्या धडकेने जखमी होऊन तो वारला.

त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. काळ्या लोकांना तो कनिष्ठ वंश मानायचा आणि तसं त्याने छापलंही होतं. पण त्याच्या मतदारांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

आज असं करता येईल का? खासदार पॉवेल यांच्या 1969 च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वय, नागरिकत्व आणि वास्तव्य या घटनेतल्या अटी पुऱ्या करणाऱ्या विजयी उमेदवाराला सभागृह बाहेर ठेवू शकत नाही. बर्गरवर वापरलेल्या चौदाव्या दुरुस्तीच्या कलमाचा निकाल मात्र त्या खटल्यात लागला नाही.