जालक, पिंजरा की जाळी?

प्रश्न: रेणूंची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विषाणूचं ‘आयकोसाहेड्रल लॅटिस’ कसं उभं करायचं, यावर मराठीत लिहितो आहे. लॅटिस, केज आणि मेश या तिन्हींना ‘जाळी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर तिन्ही सारखीच भासतात खरी, पण गोष्टी तीन आहेत.

लॅटिस म्हणजे एकाच नियमानं पुन्हापुन्हा येणाऱ्या जागांची मांडणी. स्फटिकांच्या संदर्भात ‘जालक’ वापरतात, तोच इथे घ्यावा. विषाणूचं प्रथिनांचं कवच कसं रचलेलं असतं, याबद्दल कॅस्पर आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली मांडलेली कल्पना अशाच जालकापासून सुरू होते: सपाट षट्कोनी जालक घ्यायचं आणि दुमडून त्याचं वीस त्रिकोणी पृष्ठांचं कवच करायचं. नुसत्या षट्कोनांनी कवच बंद होत नाही. बारा शिरोबिंदूंवर पंचकोन यावेच लागतात.

आता कायमेराएक्स या रेणूंची चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एचकेकेज’ कमांडला २ आणि १ हे आकडे द्या. समोर येतो तो ‘पिंजरा’: नुसते गज, आत काही नाही. त्यातला प्रत्येक पंचकोन किंवा षट्कोन म्हणजे एक घर. एका पंचकोनापासून दोन घरं सरळ गेलात आणि साठ अंशांत वळून आणखी एक घर सरकलात, की शेजारचा पंचकोन लागतो. त्रिकोणन संख्या, म्हणजे कवचाच्या एका त्रिकोणी पृष्ठात जालकाचे किती लहान त्रिकोण मावतात ती संख्या, २² + २×१ + १² = ४ + २ + १ = ७; एकूण घरं १०×७ + २ = ७२. आकडे उलटे दिले तर याचीच आरशातली प्रतिमा मिळते.

शब्द वेगळे का हवेत, ते पॉलिओमा विषाणूत स्वच्छ दिसतं. त्याच्या पिंजऱ्यात बारा पंचकोन आणि साठ षट्कोन. षट्कोनात सहा प्रथिनं असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहात्तरही घरांत पाच-पाचांचेच गट आहेत, म्हणून एकूण प्रथिनं ४२० नव्हे, ३६०. जालक त्रिकोणन संख्या ७चंच, पिंजराही तोच, भरणा मात्र निराळा. सगळ्यालाच ‘जाळी’ म्हटलं तर हे सांगायचं कसं?

‘जाळी’ मेशसाठी राखून ठेवा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळालेल्या घनतेच्या नकाशाचा पृष्ठभाग तारांनी दाखवतात, ती जाळी. तिची छिद्रं बारीक की मोठी, हे नकाशातले बिंदू किती जवळजवळ आहेत त्यावर ठरतं. प्रथिनांच्या जागांशी त्यांचा संबंध नाही.

राहिलं ‘आयकोसाहेड्रल’. शाळेच्या भूमितीत पृष्ठ, कड, शिरोबिंदू हेच शब्द आहेत, तेव्हा ‘वीसपृष्ठी’ सरळ कळतो. फक्त ‘वीसपृष्ठी सममितीचा विषाणू’ असं पूर्ण लिहा. त्याच कमांडमध्ये गोलाईचा आकडा ० ठेवला तर सपाट पृष्ठं दिसतात, १ केला तर पिंजरा चेंडूसारखा गोल होतो, आणि सममिती दोन्हीकडे तीच राहते. ‘वीसपृष्ठी आकाराचा’ हे वर्णन ज्याची पृष्ठं खरोखर सपाट आहेत त्यालाच लागू पडेल.